पाण्याचा ताण, टोमॅटो आणि मुळांतली बुरशी : प्रकल्प नोंदी

८ जून

प्रकल्पाचा प्रश्न आज पक्का केला. मुळांत राहणारी मायकोरायझा बुरशी सोबत असेल तर रोप पाण्याच्या ताणात जास्त तग धरतं, हे आता सगळीकडे सांगितलं जातं आणि त्याला भक्कम आधारही आहे. आपल्याला पाहायचंय ते पुढचं. हा फायदा पाणी तुटल्यावर मिळतो, की पाणी असतानाच त्याची तयारी होऊन गेलेली असते? आणि त्यातला किती भाग खरोखर पाण्याचा, किती स्फुरदाचा (फॉस्फरसचा)?

हा दुसरा प्रश्न उगाच घातलेला नाही. बुरशी मिळालेलं रोप ताण सुरू व्हायच्या आधीच मोठं झालेलं असतं. स्फुरद जास्त मिळतो, पानं वाढतात, मुळं वाढतात. मग ताण दिला की आपण एका धष्टपुष्ट रोपाची आणि एका खुरटलेल्या रोपाची तुलना करत बसतो. ते मोठं होतं म्हणून वाचलं की बुरशीमुळे वाचलं, हे त्यातून कळत नाही. उलटंही घडतं. मोठ्या रोपाला पानं जास्त, म्हणून ते कुंडीतलं पाणी लवकर संपवतं आणि आधी माना टाकतं. मग बुरशीने घातच केला असं वाटतं. म्हणून ताण सुरू होईल त्या दिवशी दोन्ही बाजूंची रोपं एकाच चणीची हवीत, ही पहिली अट. ती पाळता आली नाही तर बाकीची मोजमापं करण्यात अर्थ नाही.

११ जून

आज फक्त वाचन.

'मायकोरायझा' हे नाव १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. ट्रफल या खाण्याच्या बुरशीची लागवड करता येईल का हे तपासण्याचं काम प्रशियाच्या सरकारने त्याच्याकडे दिलं होतं. त्या निमित्ताने जंगली झाडांची मुळं उकरताना त्याला त्यांच्या टोकांवर बुरशीचं वेष्टण दिसलं, आणि ते रोगाचं नसून देवाणघेवाणीचं आहे असं त्याने मांडलं. त्या काळी हे मान्य व्हायला बराच वेळ लागला.

आपली बुरशी मात्र त्या वेष्टणवाल्या गटातली नाही. ती ग्लोमेरोमायकोटा गटातली, अर्बस्क्युलर प्रकारची. ती मुळाच्या आत शिरते, पेशींच्या मधून पसरते आणि काही पेशींच्या आत बारीक फांद्यांचे झुबके तयार करते. बाहेर तिचे तंतू मातीत दूरवर जातात. आज जगातल्या वाहिनीयुक्त वनस्पतींपैकी ७० टक्क्यांच्या आसपास जातींशी या गटाचं नातं आहे. तृणधान्यं, कडधान्यं, कांदा, टोमॅटो, मिरची, कापूस, लिंबूवर्गीय झाडं सगळी यात आली. नसलेल्यांत मोहरी, कोबी, पालक, राजगिरा.

एक गोष्ट वाचून थांबलो. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या खडकात सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती पेशींसकट दगड होऊन टिकल्या आहेत, आणि त्यांच्या पेशींत हेच झुबके दिसतात. त्या वनस्पतींना आजच्या अर्थाने मुळंच नव्हती. म्हणजे पाण्यातून कोरड्या जमिनीवर आलेल्या वनस्पतींनी माती धुंडाळायचं काम मुळं तयार होण्याआधीपासून बुरशीकडे सोपवलेलं होतं. दुष्काळाशी या बुरशीचा संबंध काय, असा प्रश्न कुणी विचारला तर मी इथून सुरुवात करीन.

१५ जून

कल्चर, म्हणजे बुरशीचं जिवंत बियाणं, वाढवायला घेतलं. ही बुरशी काचेच्या बशीत नुसत्या अन्नद्रव्यावर वाढत नाही, जिवंत मूळ लागतंच. आपलं अन्न ती झाडाकडून घेते: साखर तर घेतेच, शिवाय तेलाचे घटकही. स्वतःच्या गरजेची स्निग्धाम्लं ती स्वतः शून्यापासून तयार करू शकत नाही आणि ती झाडाकडूनच येतात, हे २०१७ मध्ये एकापेक्षा जास्त प्रयोगशाळांनी दाखवलं. झाडाने बनवलेल्या अन्नातला ४ ते २० टक्के वाटा या सोबतीवर खर्च होतो असे अंदाज आहेत. रोपाने एवढं देऊन बदल्यात काही मिळवलं नसतं तर हे नातं इतकी वर्षं टिकलं नसतं.

म्हणून ज्वारी. निर्जंतुक केलेली वाळू आणि थोडी माती, त्यात मूळ कल्चर, वर ज्वारीचं बी. ज्वारीची मुळं भराभर पसरतात आणि बुरशी त्यांना सहज धरते. खतात स्फुरद अगदी नाममात्र. मातीत स्फुरद भरपूर असला की झाड बुरशीला बोलावतच नाही. त्याच्या मुळांतून स्ट्रिगोलॅक्टोन नावाचे रेणू पाझरतात, त्यांच्यामुळे बीजाणूतून निघालेला तंतू फांद्या फोडतो आणि मुळाकडे वळतो. २००५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी हे रेणू बुरशीसाठीचा संदेश म्हणून ओळखले. स्फुरद मुबलक असेल तर हा पाझर आटतो. ज्या शेतात दरवर्षी गरजेपेक्षा जास्त स्फुरदयुक्त खत पडतं, तिथे बुरशीची पुडी टाकून फारसं काही का होत नाही, त्याचं हे एक कारण.

वाचनात थरच्या वाळवंटातल्या एका बुरशीचा उल्लेख आला तो टिपून ठेवतो. १९९८ मध्ये तिथल्या झुडपांच्या मुळांभोवतीच्या मातीतून पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका वेगळी केली गेली, आता तिचं नाव सेरेंडिपिटा इंडिका. ती वेगळ्या गटातली, आणि तिला झाडाशिवाय बशीत वाढवता येतं. ताणात ती कितीतरी पिकांना मदत करते असं दिसलेलं आहे. आपल्या मांडणीत ती नाही. दोन प्रकारच्या बुरशी एकत्र घातल्या तर कुणाचं काम कुठलं हे सांगता येणार नाही.

४ ऑगस्ट

ज्वारीची मुळं रंगवून पाहिली. पद्धत साधी आहे. बारीक मुळं धुऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायची, म्हणजे पेशींतलं द्रव्य निघून मूळ पारदर्शक होतं. मग पाण्याने स्वच्छ धुवायची. रंगासाठी ट्रिपॅन ब्लू वापरण्याची जुनी रीत आहे, पण तो रंग आरोग्याला घातक समजला जातो. १९९८ पासून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के शाई मिसळून रंगवायची रीत रूढ आहे, आपण तीच घेतली. काही मिनिटं उकळवायचं, मग व्हिनेगरचे दोनचार थेंब टाकलेल्या पाण्यात जादा रंग उतरू द्यायचा.

मायक्रोस्कोपखाली आधी मधली वाहिनी दिसते, मळकट आणि जाड. तिच्या दोन्ही बाजूंना कवचाच्या पेशी विटांसारख्या ओळीने. त्या पेशींच्या फटींतून निळा तंतू सरळ लांब गेलेला, मध्ये कुठेही आडवा पडदा नाही. मग तो एका पेशीकडे वळतो. आत शिरताना जाडसर, लगेच दोन, चार, आठ अशा फांद्या, आणि शेवटी इतका बारीक होतो की फोकस कितीही फिरवला तरी टोकं धुरकटच राहतात. पेशीचा बहुतेक गाभा त्याने व्यापलेला, पण झाडाच्या पेशीचं पटल त्याने फाडलेलं नाही. झाडानेच नवं पटल विणून त्या प्रत्येक फांदीला आपलं अस्तर घातलंय. स्फुरद, नत्र आणि काही अंशी पाणी झाडाकडे जातं ते या अस्तरातून. हा झुबका काही दिवसच जगतो, मग कोसळतो, झाड तो पचवून टाकतं, आणि त्याच पेशीत पुन्हा नवा येऊ शकतो. मी आज बराच वेळ एकाच पेशीवर होतो. काम पुढे सरकलं नाही तरी चालेल, हे नीट पाहिल्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही.

शेजारी गोल फुगे, त्यांत तेलाचा साठा. बुरशी चांगली धरली आहे.

२७ सप्टेंबर

ज्वारीचं पाणी तोडलं, कुंड्या हळूहळू वाळू दिल्या आणि मग वरचं ताट कापलं. रोप सुकायला लागलं की बुरशी बीजाणू जास्त धरते.

आज माती पाण्यात घोळवून, गाळ बसू देऊन, वरचं पाणी एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्यांतून ओतलं. जर्डेमन आणि निकोल्सन यांनी १९६३ मध्ये सांगितलेली ही रीत आजही जशीच्या तशी चालते. शेवटची चाळणी ४५ मायक्रॉनची. तिच्यावर जे उरलं ते बशीत घेऊन पाहिलं. वाळूचे कण कोनांचे आणि चमकणारे, त्यांच्यात मधाच्या रंगाचे गोल बीजाणू, काहींना अजून तंतूचा छोटा देठ चिकटलेला. सुईने दाबला की फुटतो आणि आतून तेलाचे थेंब निघतात. तेल निघालं म्हणजे जिवंत असण्याची शक्यता चांगली. रिकामे आणि काळपट बाजूला काढले.

बाजारातली पुडी न घेता इतके महिने घालवण्याचं कारणही लिहून ठेवतो. पुडीतली बुरशी जिवंत आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. वेगवेगळ्या देशांत तयार उत्पादनं तपासली गेली तेव्हा कित्येकांमुळे मुळांत बुरशी धरलीच नाही. रोप वाढलं तरी ती वाढ सोबतच्या खतामुळे झाली असू शकते. मुळं रंगवून पाहणं हा एकच खरा पुरावा.

१० ऑक्टोबर

मुख्य मांडणी ठरली.

माती निर्जंतुक करून काही आठवडे तशीच ठेवली होती. वाफेने तापवलेल्या मातीत मँगनीज आणि अमोनिया मोकळे होतात आणि लगेच लावलेल्या रोपांना बाधतात, म्हणून हा अवकाश.

पहिल्या गटाला जिवंत कल्चर. दुसऱ्या गटाला तेच कल्चर, पण निर्जंतुक केलेलं, आणि त्यासोबत जिवंत कल्चर धुतलेलं पाणी अतिशय बारीक गाळणीतून गाळून. गाळणीतून बीजाणू आणि तंतू जात नाहीत, जिवाणू जातात. म्हणजे दोन्ही गटांत जिवाणूंची संगत जवळपास सारखी, फरक फक्त बुरशीचा. तिसरा गट दुसऱ्यासारखाच, पण त्याला वरून इतका स्फुरद द्यायचा की रोपं पहिल्या गटाएवढी वाढतील. माझ्या दृष्टीने खरी तुलना पहिल्या आणि तिसऱ्या गटाची.

शिवाय मोहरीच्या कुंड्या, कल्चरसह आणि कल्चरशिवाय. मोहरीत ही बुरशी धरत नाही. तरीही कल्चर घातलेल्या मोहरीने ताणात जास्त तग धरला, तर आपल्या फायद्याचं श्रेय बुरशीला न देता कल्चरच्या मातीला द्यावं लागेल.

टोमॅटो निवडला कारण त्याची पानं ताण लपवत नाहीत, आणि टोमॅटोचा असा एक उत्परिवर्ती वाणही ज्ञात आहे ज्यात बुरशी फार कमी शिरते. त्याचं बी मिळालं तर पुढच्या खेपेला माती निर्जंतुक करायची गरजच उरणार नाही.

काही कुंड्या वेगळ्या केल्या: मधोमध ३० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीचा पडदा. मूळ या जाळीतून जात नाही. बुरशीचा तंतू २ ते १० मायक्रॉन जाडीचा, तो आरामात जातो. एका बाजूला रोप, दुसऱ्या बाजूला फक्त माती. काहींमध्ये दोन जाळ्या लावून मध्ये हवेची फट सोडली, म्हणजे मातीतून मातीत पाणी झिरपायला वाव नाही. रोप नसलेल्या कुंड्याही, नुसत्या बाष्पीभवनाचा हिशोब धरायला.

१६ ऑक्टोबर

रोपं लावली. सगळ्या कुंड्या वाफशावर, म्हणजे जादा पाणी निथळून गेल्यावर जेवढी ओल उरते तेवढ्यावर. रोज सकाळी वजन करून घटलेलं पाणी भरायचं.

७ नोव्हेंबर

दुसरा गट मागे पडला. पानांची खालची बाजू जांभळट, स्फुरद कमी पडल्याची ठरलेली खूण. पहिला आणि तिसरा बरोबरीने चाललेत. तिसऱ्याच्या स्फुरदाची मात्रा किंचित कमी केली.

२५ नोव्हेंबर

प्रत्येक गटातून काही रोपं उपटून मुळं पाहिली. चौकटींच्या बशीत मुळं पसरून, रेषा जिथे मुळाला छेदते तिथे बुरशी आहे की नाही अशी मोजणी. पहिल्या गटात निम्म्याहून जास्त छेदांवर बुरशी. दुसऱ्या-तिसऱ्यात नाही. मोहरीच्या मुळांवर बाहेरून काही तंतू चिकटलेले, आत झुबके नाहीत.

पहिल्या आणि तिसऱ्या गटाची पानांची एकूण व्याप्ती जुळते. ताण द्यायला हरकत नाही.

३० नोव्हेंबर

ताण सुरू. पहिला टप्पा: ओलावा वाफशाच्या साधारण ३५ टक्क्यांवर आणून तिथेच धरायचा. रोज वजन, रोज भर. पाणी एकदम तोडलं तर रोपाला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. शेतात ताण हळूहळू येतो, तसाच इथेही यायला हवा.

५ डिसेंबर

पर्णरंध्रांतला फरक आता उघड आहे. पोरोमीटर (रंध्रं किती उघडी आहेत ते मोजणारं उपकरण) लावून सकाळी दहाच्या सुमारास वाचनं घेतली. मातीत ओलावा तेवढाच असूनही पहिल्या गटाची रंध्रं तिसऱ्यापेक्षा जास्त उघडी. म्हणजे कर्बवायू आत येतोय, अन्न तयार होतंय. तिसऱ्या गटाने दारं बरीचशी लावून घेतलीत.

पुष्कळ प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून २०१५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात बुरशीयुक्त रोपांची रंध्रवाहकता, म्हणजे रंध्रांतून वाफ किती सहज जाते त्याचं माप, सरासरी २४ टक्के जास्त आढळली होती, आणि ताण वाढत जातो तसा हा फरकही वाढतो असं दिसलं होतं. आपली वाचनं त्या दिशेने आहेत.

वाचताना मोह होतो की रंध्रं उघडी म्हणजे पाणी वाया. पण पहाटेच्या अंधारात प्रेशर चेंबरमध्ये घेतलेली पानांची जलक्षमता (पान पाण्याने किती भरलेलं आहे याचं माप) पहिल्या गटात तिसऱ्यापेक्षा कमी घसरलेली आहे. रंध्रं उघडी ठेवूनही पान रात्रीत पुन्हा भरतंय. पाणी कुठून तरी येतंय.

८ डिसेंबर

कुठून येतंय याचा विचार. तीन वाटा दिसतात आणि त्या एकमेकींना छेद देत नाहीत.

पहिली वाट मुळाच्या कातडीपाशी आहे. माती वाळते तसं मूळ आकसतं आणि मूळ आणि माती यांच्यात फट पडते. मुळाच्या अगदी जवळची माती सगळ्यात आधी कोरडी होते, तिथून पाणी सरकेनासं होतं. थोडं पलीकडे पाणी असतं, पण पोचत नाही. बुरशीचे तंतू ही फट ओलांडून पलीकडच्या मातीला धरून राहतात. मुळाचा केस साधारण १० मायक्रॉन जाड, बुरशीचा तंतू त्याहून बारीक. ज्या सूक्ष्म छिद्रांत केसही शिरत नाही तिथे तो शिरतो, आणि माती वाळताना पाणी शेवटपर्यंत टिकतं ते याच छिद्रांत. एका ग्रॅम मातीत या तंतूंची लांबी अनेक मीटर भरते.

दुसरी वाट झाडाच्या आतली. पेशीच्या पटलांवर पाण्याची दारं असतात, ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं. बुरशी असताना झाड यांतली काही वाढवतं, काही कमी करतं. बुरशीची स्वतःचीही असतात. ॲब्सिसिक आम्ल हे ताणाचं संप्रेरक, त्याची पातळीही बदलते, आणि रंध्रं कधी लावायची हा निर्णय त्यावर बराचसा अवलंबून.

तिसरी वाट मला सगळ्यात दुर्लक्षित वाटते, ती भुकेची. स्फुरद मातीत मुळातच फार हळू सरकतो, आणि तोही पाण्याच्या पातळ थरातून. माती वाळली की हे थर तुटतात आणि स्फुरद जागच्या जागी अडकतो. म्हणजे पाण्याचा ताण आला की स्फुरदाचा, जस्ताचा ताण पाठोपाठ येतोच. तिसऱ्या गटाला आपण स्फुरद भरपूर दिलाय, पण वाळत्या मातीत तो त्याच्यापर्यंत पोचतोय का? पानांचा स्फुरद ताणाआधी आणि ताणानंतर, दोन्ही वेळा तपासायला हवा. नमुने काढून ठेवले.

९ डिसेंबर

जाळीच्या कुंड्या. रोपाच्या बाजूला पाणी बंद, पलीकडच्या मातीला ओलावा. बुरशी असलेल्या कुंड्यांत पलीकडची माती इतरांपेक्षा स्पष्टपणे लवकर वाळतेय, रोप नसलेल्या कुंड्यांशी तुलना करूनही. हवेची फट असलेल्या कुंड्यांत हा फरक थोडा कमी, पण आहे.

तंतू प्रत्यक्ष पाणी आणून देतात का, यावर जुना वाद आहे. इतक्या बारीक नळीतून वाहून येऊन येऊन किती येणार, असा आक्षेप होता, आणि काही जुन्या प्रयोगांत मोजण्याजोगं काही आढळलंही नव्हतं. २०२२ मध्ये रानटी ओटच्या एका जातीवर झालेल्या प्रयोगात अशीच हवेची फट ठेवून, जड ऑक्सिजनने खूण केलेलं पाणी पलीकडे घातलं होतं. रोपाने बाहेर टाकलेल्या पाण्याचा एक तृतीयांशाच्या आसपास वाटा तंतूंकडून आलेला निघाला. पेशीपटलातून आरपार जाऊ न शकणारा रंगही पलीकडून अलीकडे आला, म्हणजे काही पाणी तंतूच्या बाहेरच्या भिंतीलगत सरकत असावं. आपल्याकडे खूण केलेलं पाणी नाही, म्हणून आपण एवढंच म्हणायचं: तंतूंच्या वाटेने पाणी आलं. किती, ते नाही.

पाणी उलट दिशेनेही जातं, हे वाचून फार बरं वाटलं. कॅलिफोर्नियातल्या ओक झाडांवर २००३ मध्ये दाखवलं गेलं की माती अगदी कोरडी पडल्यावर झाडाची खोल मुळं रात्री खालचं पाणी वर आणतात आणि त्यातलं काही बुरशीच्या तंतूंना मिळतं. वरच्या कोरड्या थरात तंतू जिवंत राहतात ते त्या पाण्यावर. दुष्काळात कोण कुणाला जगवतं याचं उत्तर एकाच बाजूने देता येत नाही.

१२ डिसेंबर

दुसरा टप्पा: पाणी पूर्ण बंद केलं होतं. दुपारी सगळीच रोपं मलूल. फरक सकाळी दिसतो. पहिल्या गटाची पानं पहाटे पुन्हा उभी, तिसऱ्याची शेंड्याकडची उभी आणि खालची लोंबलेली, कडा करपायला लागलेल्या. दुसरा गट लहान असल्यामुळे त्याच्या कुंड्यांत पाणी अजून शिल्लक आहे आणि तो वरवर सगळ्यात ताजा दिसतो. फक्त एवढंच पाहून कुणी निष्कर्ष काढला असता तर बुरशी नको असंच ठरलं असतं.

मोहरीच्या दोन्ही गटांत काहीही फरक नाही. हे आजचं सगळ्यात समाधानाचं निरीक्षण.

१४ डिसेंबर

सगळ्यांना पाणी दिलं. संध्याकाळपर्यंत पहिला गट सावरला. तिसऱ्यात खालची पानं गेली ती गेलीच, शेंडे मात्र आले.

२० डिसेंबर

रोपं उपटली. पहिल्या गटाच्या मुळांभोवती मातीचे खडे घट्ट धरलेले, हलवून पडत नाहीत. तिसऱ्या गटाची मुळं जवळजवळ उघडी निघाली. तंतूंचं जाळं मातीचे कण बांधून ठेवतं. शिवाय १९९६ मध्ये संशोधक सारा राइट यांनी ग्लोमॅलिन नावाचं चिकट प्रथिन या बुरशीशी जोडलं होतं. मातीतून काढल्या जाणाऱ्या त्या अर्कात नेमकं काय काय असतं यावर पुढे बरीच चर्चा झाली, म्हणून मी सगळं श्रेय त्याला देणार नाही. पण बांधलेल्या मातीत छिद्रं टिकतात आणि छिद्रांत पाणी टिकतं, एवढं डोळ्यांसमोर आहे.

२८ डिसेंबर

पानांची तपासणी आली. पाण्याच्या पूर्ण तोडीनंतर तिसऱ्या गटाच्या नव्या पानांत स्फुरद घसरलेला, पहिल्यात फारसा नाही. ८ तारखेची शंका बरोबर होती. मातीत स्फुरद घालून ठेवणं आणि वाळत्या मातीत तो रोपाला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रोलिन पहिल्या गटात कमी निघालं. ताणात पेशी पाणी धरून ठेवायला प्रोलिन साठवतात, म्हणून जास्त प्रोलिन म्हणजे जास्त सहनशक्ती असं कुणी वाचेल. पण पहाटेची जलक्षमता सोबत ठेवून पाहिलं तर सरळ अर्थ असा, की या रोपांना ताण तेवढा जाणवलाच नाही. इतर अभ्यासांत बुरशीयुक्त रोपांत प्रोलिन कधी जास्त, कधी कमी आढळलंय. एकट्या प्रोलिनवर मी काहीही ठरवणार नाही.

६ जानेवारी

प्रश्नाचा पहिला भाग अजून राहिला होता: तयारी कधी होते? त्यासाठी काही कुंड्यांत कल्चर रोप लावताना न घालता ताण सुरू होताना घातलं होतं. त्यांची मुळं आज रंगवली. बुरशी जेमतेम शिरलेली, झुबके तुरळक, आणि रोपांची अवस्था बुरशी नसलेल्यांसारखीच. बीजाणू उगवायला, मूळ गाठायला, बाहेर तंतू पसरायला आठवडे लागतात आणि त्या काळात ओल लागते, झाडाकडून अन्न लागतं. पाणी तुटल्यावर झाडाकडे द्यायलाच काही उरलेलं नसतं. पिकाने माना टाकल्यावर ड्रिपमधून बुरशी सोडण्याच्या सल्ल्याला म्हणूनच आधार नाही. ती बियाण्यासोबत किंवा रोपवाटिकेतच मुळाशी पोचलेली हवी.

याच्याच जोडीला जमिनीतलं जुनं जाळं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये जमीन दीर्घकाळ पडीक ठेवून ओल साठवली तरी पुढचं पीक खुरटायचं. ओल होती, पण यजमान मुळं नसल्यामुळे बुरशी घटली होती आणि पिकाला स्फुरद, जस्त मिळेना. १९८७ मध्ये जे. पी. थॉम्पसन यांनी हे सूर्यफुलावर दाखवलं. खोल नांगरटीने जाळं तुटतं. मोहरीवर्गीय पिकानंतर बुरशी कमी असते. मला वाटतं, कुठलंही कल्चर विकत घ्यायच्या आधी आपल्याच जमिनीतली बुरशी जिवंत आहे का हे मुळं रंगवून बघावं. शाई आणि व्हिनेगर लागतं, आणि एक मायक्रोस्कोप.

९ जानेवारी

पहिल्या गटाची माती मुळांच्या तुकड्यांसकट वाळवून, पिशव्यांत भरून थंड जागी ठेवली. पिशव्यांवर तारीख आणि ताण दिलेला की न दिलेला हे लिहिलं. पुढच्या खेपेला हीच दोन कल्चरं शेजारी शेजारी लावायची आहेत: ताणातून गेलेली बुरशी आणि कायम ओलीत वाढलेली बुरशी, दोघींपैकी कुणाची रोपं जास्त टिकतात ते पाहायला. ज्वारीचं बी आणि चाळलेली वाळू तयार आहे.